सूतिकागृहातलं जेवण

पनवेलमध्ये रिक्षावाल्याला त्या हॉटेलचं नाव सांगून काही उपयोग नसे. नाव पोर्तुगीज होतं आणि ते खुद्द मालकालाही एका दमात म्हणता येत नसे. आतल्या जेवणघराला 'ब्रासरी' म्हणायचं होतं, आणि तो शब्द भर नाक्यावर मोठ्याने उच्चारायची आम्हा बायकांची तयारी नव्हती. म्हणून सगळे सरळ 'जुनं सूतिकागृह' म्हणत. रिक्षावाला समजूतदारपणे मान हलवी, एकदा आमच्या पोटाकडे बघे आणि खड्डे चुकवत हळू चालवी. लग्नाच्या वाढदिवसाला नटूनथटून निघालेल्या जोडप्यांनाही हाच मान मिळे. मी तर अविवाहित होते. पहिल्या खेपेला रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि "सोबत कोन नाय का, ताई?" असं इतक्या काळजीने विचारलं, की मला खरोखरच कोणीतरी सोबत असावं असं वाटायला लागलं.

सोबत बाईंची होती, पण त्या दिवशी त्या आधीच तिथे जाऊन बसल्या होत्या.

बाई माझ्या घरमालकीण. मी द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत कागदपत्रं बघायची आणि पनवेलला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. त्याआधी मी सात-आठ घरं पाहिली होती. सगळीकडे तेच प्रश्न. आडनाव काय, मासे खाता का, कोणी येतं-जातं का. बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, चष्म्यावरून नीट न्याहाळलं आणि विचारलं, "जन्म घरी की दवाखान्यात?"

मी म्हटलं, दवाखान्यात, साताऱ्याला.

"किती तास लागले?"

मी म्हटलं, मी तिथे होते खरी, पण घड्याळ बघायला जमलं नाही. बाईंनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. पुढे कळलं, की आधीच्या दोन उमेदवार मुली या प्रश्नाला लाजल्या होत्या, आणि लाजणारी माणसं बाईंना वरच्या मजल्यावर नको होती.

बाई त्या सूतिकागृहात चौतीस वर्षं नर्स होत्या. त्यातली शेवटची वीस मुख्य नर्स. डॉक्टर येत आणि जात, बाई तिथेच. सगळा तालुका त्यांना नुसतं 'बाई' म्हणे, आणि बाजारात भाजी घेताना चाळिशीचे गृहस्थ त्यांच्या समोरून जरा आडोसा धरून जात. आपल्याला पहिल्यांदा उलटं धरून पाठीत चापट मारणारी बाई समोर आली की माणूस अवघडणारच.

माणसं ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. पत्रिका, हात, हस्ताक्षर यांवर त्यांचा विश्वास नव्हता. माणूस कसा जन्मला असेल ते त्या त्याच्या वागण्यावरून ठरवत आणि मग मत बदलत नसत. आमच्या शेजारचे एक निवृत्त बँक मॅनेजर प्रत्येक गोष्टीला उलटं बोलायचे. बाई म्हणायच्या, "पायाळू आहे. आयुष्यात आत शिरायचं तेच पाठमोरं, त्याला आता काय सांगणार." रांगेत घुसणारा माणूस दिसला की "सातव्या महिन्यातला." माझ्या ऑफिसातला साहेब एकदा काही कागद घेऊन घरी आला होता. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "याला चिमट्याने ओढलाय. डोक्याच्या उजव्या बाजूला दाब पडलेला दिसतो." त्यानंतर मला त्या साहेबाच्या तोंडाकडे बघून मीटिंग करणं जड गेलं.

आता त्या इमारतीबद्दल. काळ्या दगडाची दुमजली, खाडीकडे पाठ करून उभी. पनवेलला बंदर होतं तेव्हा एका तांदळाच्या व्यापाऱ्याने ती बांधली, खाली कोठार आणि वर गलबतांनी येणाऱ्या उतारूंसाठी धर्मशाळा. बंदर गाळाने भरलं, व्यापाऱ्याच्या वारसांनी वास्तू धर्मादाय ट्रस्टला दिली, आणि तिथे सूतिकागृह सुरू झालं. तालुक्यातल्या बायका, उरणकडच्या कोळणी, खाडीपलीकडच्या गावांतल्या आगरी बायका, सगळ्या तिथेच बाळंत होत. मग मोठमोठी इस्पितळं आली, ट्रस्टमध्ये भांडणं झाली, सूतिकागृह बंद पडलं आणि बरीच वर्षं तिथे वटवाघळं सुखाने नांदली. पुढे विमानतळाचा सुगावा लागला आणि पनवेलमधल्या प्रत्येक पडक्या भिंतीला अचानक वारसा असल्याचं निष्पन्न झालं. एका बिल्डरच्या परदेशात शिकून आलेल्या मुलाने ती इमारत घेतली, वटवाघळं बाहेर काढली आणि वारसा आत आणला.

हॉटेलच्या उद्घाटनाला गावातले सगळे प्रतिष्ठित होते. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म त्याच इमारतीत झाला होता आणि ते कोणीच बोललं नाही. बाईंना बोलावणं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या, आणि मग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेबाराला, मला घेऊन जाऊ लागल्या. मी का, तर एकट्या बाईला ते लोक टॉयलेटजवळचं टेबल देतात, असं त्यांनी पहिल्याच भेटीत पाहून ठेवलं होतं.

ब्रासरी होती ती मधल्या दालनात. उंच छत, त्यात काचेचा झरोका, झरोक्याखाली पांढऱ्या टेबलक्लॉथची टेबलं. बाई नेहमी झरोक्याखालचंच टेबल घेत. "हीच जागा," त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. "उजेड चांगला म्हणून बाळंतपणाचं टेबल इथे ठेवलं होतं. तेव्हा इथे ओरडायला मुभा होती. आता बघ, सगळे कुजबुजतात, आणि पदार्थ तर सोसवत नाहीत."

बसायच्या आधी त्या हात धुवायला जात. कोपरापर्यंत, साबण लावून, घड्याळ लावल्यासारखी पूर्ण दोन मिनिटं. मग पुसायचे नाहीत, दोन्ही हात वर धरून वाळवत यायच्या. वेटरांची पहिले दोन महिने समजूत होती की या बाई झरोक्याला नमस्कार करतात. खुर्चीत बसल्यावर टेबलक्लॉथचा कोपरा उचलून बघत. कोपऱ्याची घडी चादरीसारखी आत वळवलेली नसली की स्वतः वळवत. तेवढ्यात मेनू येई. मेनूत कोकमाच्या सारावर इतकं फ्रेंच चढवलं होतं, की ते सार आहे हे पहिला घोट घेईपर्यंत कळत नसे. बोंबलाला 'खाडीचा कुरकुरीत ठेवा' म्हटलं होतं. भल्या मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध माशाचा एक तुकडा आणि त्यावर बोटभर कोवळे कोंब. बाई त्या कोंबांकडे बघून म्हणाल्या, "ही मेथी वाढू तरी द्यायची होती. इतकी घाई कोणाला झाली होती?"

त्या फक्त सूप आणि पाव मागवत. सूप मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पीत, कारण टाकलेलं अन्न त्यांना बघवत नसे.

आमच्या टेबलाला नेहमी एकच वेटर येई. चाळिशीचा, गव्हाणचा, त्याच्या गावची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या खाडीत मासे धरत आलेली. कडक इस्त्रीचा काळा गणवेश घालून तो 'गुड आफ्टरनून मॅम' म्हणे, पण बाईंसमोर दुसरं वाक्य त्याला इंग्रजीत जमत नसे. "बाय, आमी तुमच्याच हातचं," असं त्याने पहिल्या दिवशी हळूच सांगितलं होतं. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती होतं?" त्याला माहीत नव्हतं. "बघूनच कळतंय, भरपूर होतं. आईला सांग, बाईंनी विचारलंय." त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे त्याने त्यांना सांगितलं नाही. मला नंतर सांगितलं.

खरी कटकट दाराशी होती. तिथे पितळी पाटी लावली होती. पाटीवर लिहिलं होतं, की ही वास्तू एका पोर्तुगीज कप्तानाने आपल्या लाडक्या पत्नीसाठी बांधली, आणि 'त्यानंतर ती दीर्घकाळ विस्मृतीत गेली.' कप्तानाचं नाव दिलं नव्हतं, ही एकच शरम मालकाने बाळगली होती. बाई ती पाटी दर वेळी थांबून पूर्ण वाचत, जणू मागच्या महिन्यानंतर तिच्यात काही सुधारणा झाली असेल.

"विस्मृतीत," त्या म्हणत. "म्हणजे तालुक्याची निम्मी प्रजा विस्मृतीत जन्मली. तरीच अशी आहे."

जेवण झालं की अभिप्रायाचं कार्ड येई. बाई ते पेन्सिलीने भरत. 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' या प्रश्नापुढे त्या लिहीत, 'इथे नोकरीला होते.' 'काय आवडलं?' या प्रश्नापुढे, 'झरोका.' 'सूचना' या रकान्यात दर महिन्याला तेच वाक्य, त्याच वळणदार अक्षरात: 'दारावरची पाटी खोटी आहे.'

अकरा महिने हे चाललं. अकराव्या महिन्यात मालक स्वतः टेबलापाशी आला. तिशीचा, गोरा, मऊ बोलणारा. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आँटी, आय रिस्पेक्ट युवर फीलिंग्ज. पण गेस्टना स्टोरी लागते. इथे लेबर रूम होती म्हटलं तर कोण जेवेल?"

"का?" बाईंनी विचारलं. "तुमच्याकडे येतात ते काय बाहेरून मागवलेले असतात?"

तो हसला. हसण्याचं शिक्षण त्याने परदेशात घेतलं होतं, त्यामुळे ते कधीही आणि कशावरही जमायचं. त्याने आम्हाला एक मिठाई फुकट पाठवली, पाटी होती तिथेच राहिली. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "हा दोन आठवडे उशिरा आलेला. अजून वाट बघतोय, कोणीतरी ओढून बाहेर काढेल."

मला तेव्हा वाटायचं, की बाईंचा हा छंद आहे. निवृत्त माणसं वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात, या पाटी वाचतात. मी ते ऑफिसात रंगवून सांगायची आणि लोक हसायचे. एवढ्या महाग जागी जाऊन बेचव सूप पिण्यामागे आणखी काही कारण असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. बाई नेहमी खिडकीकडे तोंड करून बसतात आणि मला भिंतीकडे बसवतात, हेही मी त्यांचा मालकीणपणा म्हणून सोडून दिलं होतं.

पावसाळा संपल्यावरचा रविवार होता. आम्ही नेहमीसारख्या बसलो, सूप आलं. बाईंनी चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी मागे वळून पाहिलं. खिडकीबाहेर मागची बाग होती, तिच्या पलीकडे कुंपणाची भिंत आणि मग खाडीचा चिखल. भिंतीलगत तगरीच्या जुन्या झुडपांची लांब रांग होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. त्या रांगेभोवती जमिनीवर फक्कीने मोठा चौकोन आखला होता. प्रत्येक झुडपाला लाल रिबीन बांधली होती.

बाईंनी वेटरला विचारलं. तो म्हणाला, स्विमिंग पूल होणार आहे. बुधवारी जेसीबी येणार.

अकरा-बारा महिन्यांत प्रथमच त्या जागी बाईंना काही बोचरं सुचलं नाही, आणि तेवढ्यानेच मी घाबरले. सूप थंड झालं. मग त्यांनी चमचा ठेवला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "ती झाडं मी लावलीत. खाली पोरं आहेत."

वेटर पाण्याचा जग घेऊन तिथेच उभा होता. त्यालाही त्यांनी जा म्हटलं नाही.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मेलेलं मूल जन्मलं, की ते घरच्यांनी न्यायचं असा नियम होता. काही नेत. पण पुष्कळ जण लांबून आलेले असत, होडीने नाहीतर चालत जायचं असे, आणि ते गाठोडं घेऊन कोणाला परत जायचं नसे. बाप सही करायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. मग बाई आणि तिथला म्हातारा माळी ते मूल मागच्या आवारात पुरत. पुन्हा चुकून तिथेच कुदळ पडू नये म्हणून बाई वर तगरीची एक फांदी खोचायच्या. तगर कशीही जगते.

"आणि आया?" मी विचारलं.

बाईंनी टेबलक्लॉथची घडी बोटाने दाबली. "त्यांना सांगायचं नाही, अशी रीत होती. सासवा हात धरून सांगायच्या, बाई, बोलू नका, म्हणजे विसरेल. डॉक्टरही तेच म्हणायचे. बायका विचारायच्या मला. मुलगा होता की मुलगी, कुठे ठेवलं, एकदा दाखवा. मी म्हणायची, झोप आता." त्यांनी ती घडी पुन्हा सरळ केली. "सगळ्या तालुक्याला तोंडावर खरं सांगणारी म्हणून माझी ख्याती. आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांना मी झोप म्हटलं."

मी म्हटलं, आपण मालकाला सांगू. सगळं सांगू, तो थांबेल.

"थांबेल?" आता त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "त्याला लेबर रूमच्या नुसत्या नावाने घास उतरत नाही. हे ऐकलं की बुधवारची वाट न बघता उद्याच जेसीबी आणेल, आणि सगळी माती कुठल्यातरी भरावात जाईल. त्यावर एखाद्याचा टॉवर उभा राहील, सी फेसिंग. नाहीतर तुझ्यासारखी एखादी शहाणी टीव्हीवाल्यांना बोलावेल. ते माइक घेऊन तगरीवर उभे राहतील आणि तगरीबद्दल बोलतील."

मग त्यांनी वेटरला मालकाला बोलवायला सांगितलं. तो येईपर्यंत त्या पुन्हा हात धुवून आल्या.

त्या दिवशी मी जे ऐकलं, तसं खोटं बोलणं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. माझं आयुष्य गोदाम कंपनीत गेलंय, हे लक्षात घेऊन हे वाचावं. बाईंनी मालकाला प्रेमाने बसवलं. म्हणाल्या, इतके महिने मी तुमच्या पाटीला नावं ठेवली, ते चुकलंच. कप्तान होता. इथल्या जुन्या दाया त्याची गोष्ट सांगायच्या, मी ती अडाण्यांची बडबड म्हणून सोडून दिली. त्याची बायको सुंदर होती. तो गलबत घेऊन गेला आणि परत आला नाही. ती रोज मागच्या भिंतीपाशी उभी राहून खाडीकडे बघायची. प्रत्येक पौर्णिमेला तिने तगरीचं एक झुडूप लावलं. शेवटचं झुडूप लावलं त्या रात्री ती गेली. तीच ही रांग. दाया म्हणायच्या, या फुलांसमोर उभं राहून ज्यांचं लग्न ठरेल त्यांची कधी ताटातूट होत नाही. आणि जो कोणी झुडूप उपटेल त्याचा धंदा बसतो, पण ते सोडून द्या, तुम्ही शिकलेले आहात.

मालकाचे डोळे विस्फारले होते. त्याने फोन काढून 'पौर्णिमा' असं टिपून घेतलं.

"आँटी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या.

वेटर जग घेऊन खांबाआड उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण हातातला ग्लास भरून वाहत होता.

स्विमिंग पूल दुसऱ्या बाजूला, जुन्या धोबीघाटाच्या जागी झाला. तगरीभोवती दगडी कठडा आला, आत पाय ठेवायला मनाई झाली, दिवे लागले आणि एक नवी पितळी पाटी आली. तिच्यावर बाईंची गोष्ट इंग्रजीत, आणखी दोन पौर्णिमा घालून. महिन्याभरात लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येऊ लागली. खारघर-बेलपाड्यापासून गाड्या भरून येत. मुली लांब झगे पसरून कठड्यावर बसत, मुलगे खाडीकडे बघत कप्तानासारखे उभे राहत. मला ते बघवत नसे. मी एकदा बाईंना तसं म्हटलं.

"उलट चांगलं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तिथे कोणी फिरकलं नव्हतं."

'सूचना' या रकान्यात त्या आता काहीच लिहीत नसत. मी चिडवलं, की तत्त्व कुठे गेलं. त्यांचं म्हणणं पडलं, की चौतीस वर्षं खरं बोलून त्यांना निरोपाच्या वेळी एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, आणि तेही मागे पडायचं. खोट्याने पहिल्याच दिवशी दगडी कठडा मिळवून दिला. एकूण खोटं जास्त कामसू दिसतंय.

पुढच्या उन्हाळ्यात वेटरने बाईंना विचारलं, एका बाईला आणलं तर चालेल का. त्याची मावशी, गव्हाणची. त्या दिवशी टेबलापाशी ऐकलेलं त्याने तिला सांगितलं होतं. बाईंनी होकार दिला, पण आदल्या रात्री त्या झोपल्या नसाव्यात. सकाळी मी खाली आले तर त्या चौकटीशी बसून होत्या आणि केस विंचरून झालेले असूनही पुन्हा विंचरत होत्या.

मावशी सत्तरीच्या पुढची, बारीक, काळीसावळी, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेली. केसांत अबोलीचा गजरा. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने तिला मासळीवाली समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "टेबल नंबर चार. माझ्याकडे आल्यात." त्यांचा तो जुना आवाज ऐकून रक्षक बाजूला झाला. तोही बहुतेक त्याच इमारतीत जन्मलेला असावा.

भाच्याने मावशीला खुर्ची ओढून दिली, मांडीवर नॅपकिन अंथरला, सूप वाढलं. मावशीने त्यातलं काही घेतलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाय, माजा कंचा हाय?"

बाईंनी तिला कोणतं साल ते विचारलं. साल तिला सांगता येईना. भाताची लावणी चालू होती, एवढं तिला आठवत होतं, आणि आपण होडीतून आलो, आणि होडीतच कळा थांबल्या. "पोर व्हता का पोरगी, ते पन कोनी बोल्लं नाय," ती म्हणाली. "सासू बोल्ली, काय नव्हताच. मी बोल्ले, काय नव्हता तर दूध कशाला आलं?"

बाई उठल्या. काचेचं दार उघडून आम्ही बागेत गेलो. तिथे एक जोडपं फोटोसाठी उभं होतं, फोटोग्राफर मुलीला हनुवटी वर करायला सांगत होता. बाईंनी त्यांना दहा मिनिटं आत जाऊन थंड काहीतरी प्यायला सांगितलं आणि ते गेले. बाईंना नाही म्हणणं लोकांना जमत नसे.

त्या रांगेच्या कडेकडेने सावकाश चालल्या. मावशी मागे. भिंतीकडून तिसऱ्या झुडपापाशी बाई थांबल्या.

"मुलगी होती," त्या म्हणाल्या. "डोक्यावर खूप केस होते. मी धुतली, तुमच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. इथे आहे."

मावशी रडली नाही. तिने कठड्यावरून पाय टाकला, आत गेली आणि त्या झुडपापाशी जमिनीवर बसली. हाताने मातीवरची सुकलेली पानं बाजूला केली, जागा साफ केली, गजरा काढून तिथे ठेवला. मग मातीवर हात ठेवून बसून राहिली. काचेच्या आतून जेवणारे लोक बघत होते. मालकही दारात येऊन उभा राहिला, पण त्याने बाईंचं तोंड पाहिलं आणि आत गेला.

खूप वेळाने मावशी उठली. बाईंचे दोन्ही हात तिने धरले आणि म्हणाली, "तुमी सांगितला नसता तर मी अशीच गेली असती." बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. चौतीस वर्षांत त्यांनी कोणाला इतका वेळ हात दिला असेल, असं मला वाटत नाही.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. तळ्याच्या कडेने रिक्षा वळली तेव्हा मी न राहवून विचारलं, की एवढ्या वर्षांनी तुम्हाला ते झुडूप नेमकं कसं आठवलं.

"मुलगी आठवते," बाई म्हणाल्या. "केस आठवतात. लुगडं हिरवं होतं, तेही आठवतं." मग बाहेर बघत म्हणाल्या, "झाड नाही आठवत. पण तिला सगळी रांग देऊन काय उपयोग होता?"

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला. चष्मा लावून टेबलाशी बसल्या आणि पट्टीने एक सरळ रेघ ओढली, रेघेवर जितकी झुडपं तितकी छोटी वर्तुळं काढली. भिंतीकडून तिसऱ्या वर्तुळापुढे लिहिलं, 'गव्हाण, मुलगी.'

मी विचारलं, हे कशाला.

"उद्या दुसरी कोणी आली तर," त्या म्हणाल्या, "तिलाही हेच दाखवून बसायची मी."

मग त्यांनी उरलेल्या वर्तुळांपुढे नीट जागा सोडली आणि कागद कपाटात ठेवला.